उन्हाच्या बाजूची चार झाडं

पाईनच्या लाकडाशी माझी पहिली ओळख झाली ती बंबात जळताना. बाबा साकीनाक्याला खोक्यांच्या कारखान्यात होते. परदेशातून मशिनी ज्या लाकडी खोक्यांतून येतात, ती खोकी फोडायची, खिळे उपसायचे, फळ्या सुट्या करायच्या आणि त्याच फळ्यांची नवी खोकी ठोकायची, असं ते काम. उरलेले तुकडे कामगारांनी गोणीत भरून घरी न्यायचे. घाटकोपरच्या डोंगरावर आमची पत्र्याची खोली होती. दाराबाहेर तांब्याचा जुना बंब होता आणि त्या तुकड्यांवर आमच्या आंघोळीचं पाणी तापायचं. राळेचा तो उग्र वास माझ्या शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसलेला असायचा. बाकावरची मुलगी नाक मुरडून जरा लांब सरकायची. मला तो वास आवडायचा.

मी सहावीत असताना मालकाने दसऱ्याला सगळ्या कामगारांना पेढे वाटले. तुम्ही माझ्या घरचीच माणसं आहात, म्हणाला. बाबा घरी येऊन ते कौतुकाने सांगत होते. दिवाळी झाल्यावर कामावर गेले तर शटरला कुलूप. मशिनी रातोरात भिवंडीकडे कुठेतरी हलवलेल्या. बाबांनी बराच वेळ ते कुलूप हलवून बघितलं म्हणे. त्यानंतर ते मालाडला गोदामात माल चढवायला जायचे, काम असेल त्या दिवशी. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची. मनगटाला फडकं बांधून घरी यायची आणि आम्हा भावंडांना पेज वाढायची. पेजेत मीठ टाकलं की जेवण झालं, असे ते दिवस होते. बंबात टाकायला लाकूड उरलं नाही, म्हणून आंघोळ गार पाण्याने.

आजोबा गिरणीत होते. त्यांनाही असंच सांगितलं होतं, गेट उघडणार, धीर धरा. ते धीर धरूनच गेले. दोन पिढ्या अशा गोड बोलण्यावर फसलेल्या, तेव्हा आमच्या घराला जी सवय लागली ती लागली. कोणी आपलेपणाने बोलायला लागलं की बाबांचा एकच प्रश्न असायचा, "ह्याका काय होया आसा?" म्हणजे, याला काय हवंय? आम्ही मूळ मालवणकडचे, आणि बाबा रागावले किंवा सावध झाले की गावची बोली बाहेर यायची. आई बाजारात माशाचा कल्ला उघडून बघायची, तेवढ्यावर तिचं भागायचं नाही, बोट घासून लाली सुटते का तेही बघायची. कोळीण चिडायची. "गो बाय, रंग लावून विकतंय काय मी?" आई म्हणायची, "नाय गो, माजो डोळो बारीक आसा." आणि पुन्हा बोट घासायची.

या घरात वाढलेली मुलगी विज्ञानाकडे गेली याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, ही गोष्ट मी कॉलेजात जायच्या आधीच शिकले होते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे तीच उपयोगी पडली. आमच्या डोंगराला दोन बाजू आहेत. आमची बाजू सावलीची. मागे खडी काढून काढून उभा राहिलेला काळा कडा आहे आणि दुपार कलली की सूर्य त्याच्या मागे जातो. आमच्या भिंतींवर दिवाळीपर्यंत शेवाळ. धुतलेली चादर दोन दोन दिवस ओलसर. डोंगराला वळसा घालून पलीकडे गेलं की त्याच उंचीवर, तशीच घरं, पण तिथे ऊन नुसतं ओतलेलं. तिकडच्या बायकांची तुळस मार्चमध्येच करपते. उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या सगळ्या बायका पापड, फेण्या, कोकमाची सालं ताटांत घेऊन तिकडे जायच्या आणि तिथल्या ओळखीच्या घराच्या स्लॅबवर वाळवण घालायच्या. पण विश्वास नावालासुद्धा नाही. तिकडच्या बायका आमचे पातळ पापड उचलून स्वतःचे जाडे पापड ठेवतात, अशी आमच्या बाजूची ठाम समजूत. तिकडच्यांची आमच्याबद्दल काय समजूत होती ती मला माहीत आहे, पण लिहीत नाही. म्हणून प्रत्येक घरातलं एक पोर राखणीला बसायचं. आमच्या घरातलं पोर मी.

बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या चाळीत मी पहिली ग्रॅज्युएट होते. हे मी अभिमानाने सांगते, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. वनस्पतीशास्त्र घेतलं म्हणून शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं होतं, "झाडांचं शिकून काय होणार? नर्सरी टाकणार काय?" बाबा म्हणाले, "तुमका काय होया आसा?" विषय संपला.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत जायला लागले. मेट्रोने साकीनाका ओलांडताना खाली त्या कारखान्याची गल्ली दिसायची. तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. प्रयोगशाळेतल्या मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. बोलायला तुटक, पण सरळ. त्या हिमालयातल्या उंचावरच्या पाईनवर काम करायच्या. तिकडचे लोक त्या झाडाला कैल म्हणतात, सुया पाच पाचच्या झुपक्यात. जंगल जिथे संपतं आणि वर नुसतं गवत नि खडक उरतो, तिथली झाडं आम्हाला हवी असायची. अगदी काठावर जगणारं झाड हवामानाचा प्रत्येक फटका अंगावर घेतं. बरं वर्ष गेलं तर त्या वर्षाचं वलय रुंद. वाईट गेलं तर केसाएवढं.

झाड तोडायचं नाही. पोकळ गिरमिट असतं, ते खोडात फिरवत मध्यापर्यंत न्यायचं आणि पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर काढायची. तिला लॅबमध्ये कोअर म्हणतात, मी घरी कांडीच म्हणायचे. ती कांडी खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची आणि मायक्रोस्कोपखाली एकेक वलय मोजायचं. पहिल्या दिवशी पॉलिश पेपर फिरवला आणि बंबाचा वास आला. घरी येऊन आईला सांगितलं.

"काय गो, त्या लाकडात बघून काय गावतला तुका?"

"सापडेल ना. पन्नास वर्षांपूर्वी तिकडे थंडी किती होती ते."

आईने माझ्याकडे असं बघितलं जसं ती कोळणीकडे बघते.

त्या कांड्या मी आणलेल्या नव्हत्या. त्या आणल्या होत्या आमच्या सीनियरने. तो पीएच.डी. करत होता, सांताक्रूझला राहायचा, घरात आजीपासून सगळे शिकलेले. इंग्रजी बोलताना तो थांबायचा नाही आणि मराठी बोलताना दर वाक्याला "आय मीन" म्हणायचा. आदल्या वर्षी तो टीमबरोबर वर गेला होता आणि जंगलाच्या वरच्या काठावरची झाडं टोचून कांड्या घेऊन आला होता. प्रत्येकीवर झाडाचा नंबर आणि उंची लिहिलेली. त्यांतला वरच्या काठाचा गठ्ठा मॅडमनी माझ्या प्रबंधासाठी दिला.

सुरुवातीला माझा घोळ झाला तो मुंबईकराचा घोळ. आमच्याकडे झाड वाढतं कधी? पावसात. जूनमध्ये कुंडीतलं रोपटं बघता बघता वर येतं. तेव्हा रुंद वलय म्हणजे चांगला पाऊस, हे मी धरूनच चालले. पावसाचे आकडे घेतले, वलयांशी लावले, आणि काही म्हणजे काही जुळेना. मी मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, हे आकडे तरी बरोबर आहेत ना?"

"आकड्यांवर संशय आहे की झाडांवर?"

"दोन्हींवर."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, तू कोकणातली. तुझ्या झाडाला पाण्याची वाट बघावी लागते. तिथल्या झाडाला उबेची वाट बघावी लागते. बर्फ वितळून पाणी आहेच खाली. पण मे संपला तरी जमीन थिजलेली असेल तर मुळं ओढणार काय? उन्हाळा उबदार गेला, बर्फ लवकर गेला, की झाड वाढलं. उन्हाळा थंड गेला की आखडलं. तापमान लावून बघ."

तापमान लावलं आणि कांड्या बोलायला लागल्या. जो उन्हाळा उबदार तिथे रुंद वलय, जो गारठलेला तिथे बारीक. अलीकडची वर्षं तापत गेली तशी वलयंही रुंदावत गेलेली. मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी मी घरी जाताना भजी घेऊन गेले.

पण चार कांड्या उलट्या होत्या.

त्या जरा इकडेतिकडे नव्हत्या, सरळ उलट्या होत्या. बाकीच्या ज्या वर्षी फुगलेल्या, त्या वर्षी या आकसलेल्या. आणि जसजशी वर्षं तापत गेली तसतशा या बारीक होत गेलेल्या. नंबर त्याच गठ्ठ्यातले, उंची बाकीच्यांएवढीच लिहिलेली.

मी सीनियरला दाखवलं. तो एक क्षण बघत राहिला आणि मग फारच मोकळं हसला. "अरे यार, हे होतं. आय मीन, आउटलायर आहेत, वेगळे पडलेले. काढून टाक. बाकीचा डेटा झकास आहे तुझा."

"पण चारही एकमेकींशी जुळतात."

"योगायोग. तू जास्त विचार करतेस. चल, चहा पाजतो."

इतके महिने हा माणूस माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. त्या दिवसापासून तो चहा पाजायला लागला. माझ्या आलेखाचे रंग स्वतः नीट करून दिले. आपण दोघं मिळून पेपर लिहू, तुझं नावही घालतो, म्हणाला. माझ्या डोक्यात बाबांचा आवाज सुरू झाला. ह्याका काय होया आसा?

घरी मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "गोड बोलणारो माणूस माका आवडणा नाय." बाबा हात धुऊन आले आणि म्हणाले, "तो वर चढलो खरो काय? तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. कोण बघणार? आणि एकदा तो प्रश्न मनात शिरला की निघेना. मला दिसायला लागलं: टीम खाली तंबूत, हा दमलेला, वर काठापर्यंत चढायचं आणखी अर्धा दिवस, आणि रस्त्याच्या कडेला चार पाईन उभे. खालच्या जंगलातल्या झाडांना वसंतात पाणी कमी पडतं, तिथे उष्मा वाढला की वलय बारीक होतं, हे मी तोवर वाचलं होतं. म्हणजे या चार कांड्या खालच्या झाडांसारख्या वागत होत्या. सरळ होतं. गिरमिट खाली फिरवायचं आणि उंची वरची लिहायची. मग आता हा चहा कशासाठी पाजतो, तेही सरळ होतं.

मी मॅडमना सांगितलं. सीनियरचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं की या चार कांड्या वरच्या नसाव्यात.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुला कळतंय ना तू काय म्हणतेस?"

"हो."

"चार कोअर न जुळले तर बाजूला ठेवतात. त्यात फसवणूक नाही, सगळे करतात. ते बाजूला ठेवलेस तर मे महिन्यात तुझा प्रबंध जातो आणि तू एम.एस्सी. होतेस. अडून बसलीस तर पुढच्या बॅचबरोबर. आणि तुझा संशय खोटा ठरला तर या लॅबमध्ये तुझ्याशी कोण काम करणार?"

त्या मला धमकावत नव्हत्या, जे होणार होतं ते सांगत होत्या. घरी सगळे माझी डिग्री कधी हातात पडते आणि मी कधी कामाला लागते याची वाट बघत होते. आईचं मनगट आता लाटणं धरून राहायचं नाही. बाबांना गोदामातल्या पोरांनी म्हातारा म्हणायला सुरुवात केली होती. एक वर्ष म्हणजे आमच्या घरात एक वर्ष नसतं.

तरी मला त्या चार कांड्या सोडवेनात. आमच्या चाळीत भांडण झालं की चार बायका चार गोष्टी सांगतात. चौघी एकच गोष्ट सांगायला लागल्या तर त्यांनी आधी बसून ठरवलेलं असतं, नाहीतर ती गोष्ट खरी असते. झाडं तर बसून ठरवत नाहीत.

एप्रिल आला आणि आईने पापड केले. मी म्हटलं, मला प्रबंधाचं काम आहे.

"शिकलंस म्हणून पापड राखूक कमीपणा येता काय?"

गेले. लॅपटॉप घेऊन गेले. पलीकडच्या बाजूला स्लॅबवर धोतर अंथरून त्यावर पापड पसरले आणि पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत बसले. तिथली मावशी वर आली, माझ्याकडे आणि लॅपटॉपकडे बघितलं. "काय गं, आता कॅमेरा लावलास काय आमच्यावर?"

"नाही मावशी, अभ्यास करते."

"कर कर. तुझ्या आईला सांग, आमच्याकडे पापड आहेत. खूप आहेत."

ती पाय आपटत खाली गेली. ऊन असं की स्लॅबवर अनवाणी पाय टेकवेना. कुंडीतली माती इतकी सुकलेली की कडेपासून सुटून मध्ये गोळा झालेली. तुळशीच्या काड्या. आणि सकाळी निघताना मी आमच्या दारातल्या, आदल्या दिवशीच्या धुण्याने अजून ओल्या पायरीवरून घसरता घसरता वाचले होते. तीच तारीख, तोच डोंगर, तीच उंची.

मी उठून उभी राहिले. पापड विसरले. कांड्यांवर उंची लिहिली होती. बाजू कुठे लिहिली होती?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरल्या शिरल्या मी सीनियरला गाठलं. तो डबा उघडत होता.

"ती चार झाडं डोंगराच्या कुठल्या बाजूला होती?"

"कुठली चार?"

"नाटक नको. तुला माहितीये कुठली."

त्याने डबा बंद केला. "तुला काय वाटतं, मी वर गेलोच नाही? मॅडमना जाऊन तेच सांगितलंस ना?"

"वाटतं. तसं नसेल तर बाजू सांग."

त्याचा चेहरा लाल झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो आय मीन न म्हणता बोलला. "शेवटच्या दिवशी माझा पाय मुरगळला होता. सावलीच्या बाजूला गुडघाभर बर्फ. डोंगराची धार ओलांडून पलीकडे उतरलो, तिकडे बर्फ नव्हता, कोरडं होतं, उभं राहता येत होतं. तिथली चार घेतली. उंची तीच आहे. मी खोटं लिहिलेलं नाही."

"मग आउटलायर आहेत, काढून टाक, असं का म्हणालास?"

"कारण माझ्या थिसिसमध्येही तेच चार आहेत आणि मलाही कळत नाहीये ते असे का वागतात! आणि मी बाजू लिहिली नाही हे मॅडमना कळलं तर त्या मला सोलतील."

मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला का? नाही. गोष्ट छान जुळत होती, म्हणून तर आणखी नाही. कारखान्याच्या मालकाची गोष्टही पेढ्यांसकट जुळत होती. मी म्हटलं, "मला ती झाडं बघायची आहेत."

"ये. जूनमध्ये टीम जातेय. ये आणि भोकं मोज."

मॅडमना मी बाजूचं सगळं सांगितलं. त्यांनी सीनियरला खरंच सोललं, काचेपलीकडून दिसत होतं. मग मला म्हणाल्या, "मेची तारीख गेली समज. चालेल?" चालेल, म्हटलं. घरी सांगायची माझी हिंमत दोन दिवस झाली नाही. सांगितलं तेव्हा आई पोळपाट घासत राहिली. बाबा म्हणाले, "तुझो संशय खरो ठरलो तर?"

"तर तो खोटारडा."

"नि खोटो ठरलो तर?"

"तर मला कळेल ती झाडं अशी का वागतात."

बाबांनी विचार केला. "म्हंजे दोनी बाजूंनी तुका गावतला." मग निघायच्या दिवशी ते बांद्र्याच्या टर्मिनसवर आले आणि सीनियरसमोर उभे राहून म्हणाले, "परतीचं तिकीट दाखवा. तिचं." त्याने मोबाइल काढून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून तारीख वाचली, आणि त्याचं आडनाव विचारून घेतलं. बिचारा डब्यात चढेपर्यंत घाम पुसत होता.

तिथलं वर्णन मी फार करत नाही. दम लागतो, डोकं दुखतं, आणि मुंबईच्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं की आपण उगाच आलो. वर काठावर पोचायला दुपार झाली. सावलीच्या उतारावर जूनमध्येही बर्फाचे पट्टे होते. तिथल्या पाईनची खोडं माझ्या खांद्यांइतकी रुंद, आणि फांद्यांच्या टोकांना मेणबत्तीसारखे कोवळे कोंब नुकते कुठे फुटत होते. बर्फ जाईपर्यंत त्यांचं वर्षच सुरू होत नाही. एखादा उन्हाळा जरा लवकर आला की त्यांना तेवढे दिवस जास्त मिळतात. म्हणून ऊब वाढली की ती वाढतात.

डोंगराची धार ओलांडली. पलीकडे पाय टाकला तर पायाखालून धूळ उडाली. ऊन समोरून, खडक तापलेला. वाऱ्याने आणि उन्हाने इथला बर्फ कधीच गेला असणार, आणि त्याचं पाणी उतारावरून खाली निघून गेलेलं. मातीही बोटभर, खाली दगड. इथले कोंब आधीच लांबून थांबलेले. इथे ऊब कमी नव्हतीच. इथे ऊब वाढली की होती ती ओल उडून जायची, आणि झाड बिचारं उन्हाळ्याच्या तोंडाशीच आखडून बसायचं. सीनियर एकेका झाडाशी जाऊन हात ठेवत होता. मी मागे मागे जाऊन प्रत्येक खोडावरचं भोक शोधलं. राळ भरून आली होती, पण बोट लावलं की कळत होतं. चारही सापडली. उंची मी माझ्या यंत्रावर बघितली, त्याच्या नाही.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"या चारांपुरतं झालं."

तो हसला. या वेळी त्याला काही नको होतं, असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही.

आम्ही दोन्ही बाजूंच्या आणखी झाडांच्या कांड्या काढल्या. या वेळी उंचीखाली बाजू मी लिहिली, आणि त्याने लिहिलेली प्रत्येक बाजू होकायंत्र लावून तपासली. त्याने हरकत घेतली नाही. मुंबईला येऊन पुन्हा घासणं, पुन्हा मायक्रोस्कोप. उन्हाच्या बाजूची नवी झाडंही त्या चारांसारखीच निघाली. एकाच डोंगराच्या एकाच उंचीवर, एका बाजूचं झाड तापमान वाढलं म्हणून पुढे चाललेलं, दुसऱ्या बाजूचं त्याच तापमानाने मागे पडत चाललेलं. हिमालयातलं प्रत्येक पाईनचं झाड असंच वागतं, असं मी म्हणत नाही. आम्ही चढलो त्या डोंगरावरचं म्हणते. उंच पर्वतावर ऊब वाढली की झाडं वाढतात असं एका वाक्यात सांगणारा कोणी भेटला, तर मी आता आधी विचारते, कुठल्या बाजूची.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी पहिल्या पानापासून संशयाने बघायला सुरुवात केली. मला बरं वाटलं, घरचंच माणूस भेटल्यासारखं.

"ही चार झाडं तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"हो सर. भोकात बोट घालून."

"बाजूचा मुद्दा सुचला कुठे?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं, "आमच्या डोंगरावर सर. घाटकोपरला. पापड राखताना."

ते थांबले, चष्मा काढला, आणि पापड कसे राखतात ते विचारलं. मी तेही सांगितलं. नंतर त्यांनी आलेखांवर आणखी बरंच पिडलं. एका आकड्यावर मी अडले, तेव्हा माहीत नाही म्हटलं.

घरी निकाल सांगितला तर आईने विचारलं, "कागद दिल्यानी? नुसतां तोंडान सांगितल्यानी?" कागद नंतर मिळेल, म्हटलं. मग कागद येईपर्यंत तिने चाळीत कोणाला सांगितलं नाही. तो आला तेव्हा बाबांनी तो उजेडात धरून शिक्का बघितला, मागची बाजू बघितली, आणि पलीकडच्या बाजूच्या मावशीला पेढे द्यायला स्वतः गेले. मावशीने पेढा हातात घेऊन विचारलं म्हणे, "काय हवंय?"

मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाले, एक वर्ष उशिरा. ती चार झाडं प्रबंधात आहेत, त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. आता मी त्याच प्रयोगशाळेत पगारावर काम करते, आणि आईने पोळ्या लाटायचं काम सोडलं आहे.